बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतराचा आणि वेळेचा हिशेब

व्यापारी मनुष्य एखाद्या परक्या गावाचे नाव ऐकताच दोन प्रश्न विचारतो : ते गाव किती दूर, आणि तेथे पोहोचावयास किती वेळ? रस्त्याच्या व रेल्वेच्या प्रवासात या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांना धरून असतात. बेळगावहून बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर. मोटारीने आठ-नऊ तास. अंतर दुप्पट झाले की वेळही जवळपास दुप्पट होतो, आणि जावयास जितका वेळ लागला तितकाच परत यावयास लागतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण याच मापाने प्रवास मोजत आलो.

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात मात्र हे माप चालत नाही. तेथे जाण्याचा वेळ निराळा व येण्याचा निराळा असतो. हिवाळ्यातील निराळा व उन्हाळ्यातील निराळा असतो. क्वचित अधिक अंतराची वाट कमी वेळात संपते. तिकिटावरील वेळा पाहून तर भलताच समज होण्याचा संभव असतो. बेळगाव, हुबळी, हैदराबाद, इंदूर, बडोदे येथील अनेक कुटुंबांतील मुलेमुली आज शिक्षणासाठी व उद्योगासाठी कॅलिफोर्नियात आहेत. त्यांना भेटावयास वडीलधारी मंडळी जातात, व्यापाराच्या निमित्ताने आपले सभासदही जातात. हा हिशेब नीट न समजल्यामुळे पुढचे विमान चुकणे, ठरलेली भेट हुकणे, उतरवून घेणारा मुलगा एक दिवस अगोदर अगर नंतर विमानतळावर येणे, असे प्रसंग घडतात. म्हणून बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को ही पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध अंगांना असलेली दोन विमानतळे उदाहरणादाखल घेऊन हा विषय उलगडून सांगण्याचा येथे विचार आहे.

अंतर कसे मोजावे?

भिंतीवरील जगाचा नकाशा घेऊन त्यावर बंगळूर व सॅन फ्रान्सिस्को यांमध्ये पट्टीने रेघ ओढली, तर ती पूर्वेकडे ब्रह्मदेश, चीनचा समुद्र व प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागते. ही रेघ नकाशावर सरळ दिसते. पण त्या वाटेने खरोखर गेल्यास सुमारे १६,१०० किलोमीटर पडतील. दोन्ही ठिकाणांतील सर्वांत कमी अंतर आहे सुमारे १४,००० किलोमीटर. म्हणजे नकाशावरची 'सरळ' वाट दोन हजार किलोमीटरांनी लांब ठरली!

याचे कारण नकाशातच आहे. पृथ्वी गोल आणि कागद सपाट. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली जी पद्धत रूढ केली, तीत ध्रुवांकडील प्रदेश ताणून फार मोठे दाखवावे लागतात. समुद्रावर होकायंत्र धरून गलबत हाकणाऱ्यास ही पद्धत मोठी सोयीची. पण तिच्यावर पट्टी ठेवून अंतर मोजू गेल्यास फसगत होते.

खरे अंतर पाहावयाचे असेल तर मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा. एक दोरा बंगळूरवर टेकवावा, दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धरावे आणि दोरा ताणावा. दोरा आपोआप सर्वांत आखूड वाट धरील. या वाटेला गणितात बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलाचे दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाचा तो तुकडा होय. आता दोऱ्याकडे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. अमेरिकेस जाणारी ही वाट बंगळूरहून पूर्वेसही निघत नाही आणि पश्चिमेसही निघत नाही. ती जवळजवळ उत्तरेस, किंचित पूर्वेकडे कलून निघते. नेपाळ, तिबेट, चीन, मंगोलिया ओलांडून ती सैबेरियात शिरते, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे सुमारे ७१ अक्षांशापर्यंत चढते आणि मग अलास्कावरून उतरत कॅलिफोर्नियास येते.

हे अंतर किती मोठे आहे, याची कल्पना एका तुलनेने येईल. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे कोणत्याही दोन ठिकाणांतील कमीत कमी अंतर २०,००० किलोमीटरांहून फारसे अधिक असूच शकत नाही. त्या मर्यादेच्या दहा भागांपैकी सात भाग एकट्या या वाटेने व्यापले आहेत.

आखूड वाट सोडावी का लागते?

आधुनिक जेट विमान उंचावरील स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १४,००० ला ९०० ने भागले की साडेपंधरा तास येतात. येथेच हिशेब संपला असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. परंतु वैमानिकाला दोऱ्याची वाट क्वचितच जशीच्या तशी धरता येते.

पहिली अडचण डोंगरांची. विमान दहा-अकरा हजार मीटर उंचीवर उडते, मग हिमालयाचे भय कशाचे, असे वाटेल. पण उंचावर काही बिघाड होऊन विमानातील हवेचा दाब कमी झाला, तर उतारूंना श्वास घेता यावा म्हणून वैमानिकाला झपाट्याने तीन हजार मीटरांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरांच्या वर आहे. खाली यावयास जागाच नाही! या कारणाने तो प्रदेश शक्यतो टाळण्याचा प्रघात आहे.

दुसरी अडचण आसऱ्याची. दोन इंजिनांच्या विमानातील एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत आवाक्यात असला पाहिजे, असा नियम आहे. हा नियम किती शहाणपणाचा आहे, हे ६ जून २०२३ रोजी दिसून आले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एका इंजिनात दोष आढळला, आणि वैमानिकाने ते अतिपूर्व रशियातील मगदान येथे सुखरूप उतरवले. विमानात २१६ उतारू व १६ कर्मचारी होते. एवढ्या मंडळींच्या राहण्या-खाण्याची पुरेशी सोय त्या दूरच्या गावी नव्हती. भाषा अपरिचित, सामान विमानात, आणि घरची माणसे चिंतेत. दुसरे विमान पाठवून ८ जून रोजी त्यांना पुढे नेण्यात आले. गैरसोय पुष्कळ झाली. परंतु मगदानचा विमानतळ आवाक्यात होता, म्हणूनच ती गैरसोयीवर निभावली. ध्रुवाकडील वाटांवर आणखी एक काळजी असते ती थंडीची. विमानाचे नेहमीचे इंधन उणे ४७ अंशांच्या सुमारास गोठू लागते. म्हणून टाकीतील इंधनाच्या उष्णतामानावर वैमानिकांना वाटभर नजर ठेवावी लागते.

तिसरी अडचण मनुष्यनिर्मित, आणि सर्वांत खर्चिक. आकाशाला कुंपण दिसत नसले तरी प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्या देशाच्या मालकीचे असते. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते १६ जुलै २०१९ रोजी खुले केले. तेवढ्या अवधीत युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना गुजरात व अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला यापायी सुमारे ४९१ कोटी रुपयांची तोशीस सोसावी लागल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये उभय देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा आकाश बंद केले. फिनलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. हेलसिंकीहून टोकियोस जाणारे विमान रशियावरून सुमारे साडेनऊ तासांत पोहोचत असे. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियाचे आकाश त्या देशाला बंद झाले, आणि त्याच दोन शहरांमधील प्रवासाला उत्तर ध्रुवाच्या वाटेने सुमारे तेरा तास लागू लागले. शहरे जागच्या जागी होती. वाट बदलली आणि वेळ बदलला.

वाऱ्याची देणीघेणी

आता सर्वांत महत्त्वाच्या घटकाकडे वळू. तो म्हणजे वारा.

पुष्कळांचा असा समज असतो की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे त्याचे मुक्कामाचे ठिकाण आपण होऊन धावत येते आणि प्रवास लवकर संपतो. हा समज चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, आणि विमान त्या वातावरणात उडत असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात आपण उडी मारली तर डबा पायाखालून निघून जात नाही, तसेच हे आहे. अनुभव तर उलट आहे : पश्चिमेकडचा प्रवास बहुधा अधिक वेळ घेतो.

याचे कारण सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा प्रचंड लोंढा. यास जेट प्रवाह म्हणतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी या शतकाआधीच्या शतकात, १९२० नंतरच्या वर्षांत, फुगे सोडून त्याची मोजमापे घेतली आणि १९२६ साली ती प्रसिद्ध केली. जगाला वाचता यावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिला. परिणामी बाहेरच्या जगात तो फारसा कोणी वाचलाच नाही! विषुववृत्ताकडील उष्ण हवा व ध्रुवाकडील थंड हवा यांमधील फरकामुळे, आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे, हा प्रवाह निर्माण होतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून प्रवाहही जोर धरतो. त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्याही वर जातो.

विमान या प्रवाहात सापडले की नावेसारखी त्याची स्थिती होते. प्रवाहाबरोबर गेले तर वेग वाढतो. विरुद्ध गेले तर घटतो. न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान ९ फेब्रुवारी २०२० रोजी अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. याच प्रवासाला एरवी सहा तासांहून अधिक लागतात. विमान नेहमीचेच होते. त्या दिवशी वादळामुळे पाठीवरचा वारा विलक्षण जोराचा होता, इतकेच.

आपल्याकडील उदाहरण यापेक्षाही उद्‌बोधक आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी युरोप व अटलांटिक महासागर यांवरून पश्चिमेकडे जात असे. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची, आणि वेळ सुमारे साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या कंपनीने उलट दिशा धरली व विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी अधिक. पण वेळ लागला सुमारे साडेचौदा तास. जुन्या वाटेने जमिनीच्या हिशेबात ताशी सुमारे ८४० किलोमीटर पडत होते, नव्या वाटेने ताशी सुमारे १,०५५. वाट लांबली आणि प्रवास दोन तासांनी आटोपला. लांबच्या बाजारात माल स्वस्त मिळत असेल तर शहाणा व्यापारी गाडीभाड्याचा जास्तीचा खर्च सोसतो, त्यातलाच हा प्रकार.

वाऱ्याने जाताना जेवढा लाभ होतो तेवढाच तोटा येताना होऊन अखेर बेरीज सारखी होत असेल, असे कोणी म्हणेल. तसेही होत नाही. ९,००० किलोमीटरांचे अंतर व ताशी ९०० किलोमीटरांचा वेग धरा. वारा नसेल तर जाण्यास दहा तास, येण्यास दहा तास, एकूण वीस. आता ताशी १०० किलोमीटरांचा वारा धरा. जाताना वेग १,००० झाला, म्हणजे नऊ तास लागले. येताना ८०० झाला, म्हणजे सव्वाअकरा तास लागले. बेरीज सव्वावीस तास. आपल्या पेढीवर हा अनुभव नित्याचा आहे. शंभर रुपयांचा भाव शेकडा दहा चढून एकशे दहा झाला आणि मग शेकडा दहा उतरला, तर तो शंभरावर येत नाही, नव्व्याण्णवावर येतो. वारा कसाही असो, त्याच वाटेने जाऊन येऊन केलेल्या प्रवासात तो थोडी वटावणी घेतोच. म्हणून जाताना एक वाट व येताना दुसरी, अशी योजना विमान कंपन्या करतात.

बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांमधील पहिले विनाथांबा विमान जानेवारी २०२१ मध्ये अशाच विचाराने आले. ९ जानेवारीच्या रात्री ते सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले, उत्तर ध्रुवावरून आले आणि ११ जानेवारीच्या पहाटे बंगळुरास उतरले. कॅप्टन झोया अगरवाल या मुख्य वैमानिक होत्या, आणि विमान चालवणाऱ्या सर्व वैमानिक स्त्रियाच होत्या. त्यांनी घेतलेली वाट सुमारे १६,००० किलोमीटरांची होती व वेळ सुमारे १७ तास लागला. दोऱ्याच्या वाटेहून ही वाट दोन हजार किलोमीटरांनी लांब खरी. परंतु वारा, हवामान, आसऱ्याचे विमानतळ आणि आकाशाची परवानगी या सर्वांचा मेळ घालून त्या दिवशी तीच उत्तम ठरली.

इंधनाचा जमाखर्च

इतक्या लांबच्या प्रवासाचा पैशाच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. या वाटेवर वापरण्यात आलेल्या बोइंग ७७७–२०० एलआर जातीच्या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटरांहून अधिक इंधन मावते. त्याचे वजन सुमारे १४५ टन होते. उड्डाणाच्या वेळी विमानाचे एकूण वजन जास्तीत जास्त सुमारे ३४७ टन असू शकते. म्हणजे भरलेल्या विमानाच्या वजनाचे पाच भाग केले तर दोन भाग निव्वळ इंधन! आणि हे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. जादा घेतलेल्या इंधनापैकी शेकडा तीन-चार भाग दर तासाला केवळ ते वाहण्यात खर्च होतात, असा ढोबळ हिशेब आहे. बैलगाडीत वाटेसाठी वैरण भरावी आणि वैरणीच्या ओझ्याने बैलांची भूक वाढावी, तसे हे होते. पल्ला जितका लांब, तितका हा खर्च वाढतो आणि उतारू व माल यांच्यासाठी जागा कमी उरते.

सिंगापूर ते न्यूयॉर्क परिसर या वाटेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अंतर १५,३०० किलोमीटरांहून अधिक. सिंगापूर एअरलाइन्सने जून २००४ मध्ये तेथे चार इंजिनांच्या विमानाने विनाथांबा सेवा सुरू केली. इंधन महागले तसा व्यवहार परवडेना. तेव्हा स्वस्त आसने काढून टाकून विमानात केवळ १०० महाग आसने ठेवून पाहिली. तरीही अखेर २०१३ च्या नोव्हेंबरात सेवा बंद करावी लागली. पुढे कमी इंधनात चालणारे दोन इंजिनांचे विमान मिळाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या विमानातही आसने १६१ च ठेवण्यात आली. तंत्र साध्य असणे निराळे आणि धंदा किफायतशीर असणे निराळे, हे आपल्या सभासदांना सांगावयास नको. लांबच्या विनाथांबा सेवा मधूनमधून सुरू होतात, खंडित होतात, पुन्हा सुरू होतात, याचे मर्म यात आहे. यास्तव गतवर्षी कोणी कोणत्या विमानाने गेले यावर विसंबून न राहता, प्रवास ठरवताना त्या वेळची स्थिती विचारून घ्यावी हे उत्तम.

घड्याळाचा चकवा

यानंतर तिकिटावरील वेळांकडे येऊ. विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. या एका गोष्टीचे विस्मरण झाल्यामुळे जितके घोटाळे होतात, तितके दुसऱ्या कशाने होत नसतील.

भारताचे घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. कॅलिफोर्नियाचे हिवाळ्यात आठ तास मागे, आणि उन्हाळ्यात सात तास मागे असते. कारण तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणजे कॅलिफोर्निया आपल्या मागे हिवाळ्यात साडेतेरा तास, व उन्हाळ्यात साडेबारा तास.

हिवाळ्यातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विमान बंगळूरहून सोमवारी दुपारी दोन वाजता निघाले व प्रवासास सोळा तास लागले. आपल्या घड्याळाने मंगळवारचे सकाळचे सहा वाजले. त्यातून साडेतेरा तास वजा केले की सॅन फ्रान्सिस्को येथे सोमवारचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. तिकिटावर 'सोमवार दुपारी २' व 'सोमवार दुपारी ४।।' असे पाहून आजोबांना प्रवास अडीच तासांचा वाटला, तर त्यांचा काय दोष?

परतीचे उलट. विमान सॅन फ्रान्सिस्कोहून सोमवारी रात्री नऊ वाजता निघाले. त्या वेळी आपल्याकडे मंगळवारचे सकाळचे साडेदहा झालेले असतात. सतरा तासांनी ते बंगळुरास उतरेल तेव्हा बुधवारची पहाट, साडेतीन वाजलेले. सोमवारी रात्री निघालेला मनुष्य बुधवारी पहाटे पोहोचतो. मधला मंगळवार त्याच्या दिनदर्शिकेतून जणू गळून पडतो. घरच्या मंडळींनी विमानतळावर कोणत्या तारखेस जावयाचे, बँकेचे अगर न्यायालयाचे काम कोणत्या दिवशी ठेवावयाचे, हे ठरवताना हा गळालेला वार विसरता कामा नये.

यावर उपाय सोपा आहे. तिकीट हाती येताच दोन्ही वेळा भारतीय वेळेत करून कागदावर मांडाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. जी बाकी उरेल तोच प्रवासाचा खरा काळ. औषधे ठरल्या वेळी घेणाऱ्या वृद्धांनी तर हा कागद खिशातच ठेवावा, आणि मात्रांच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच नेमून घ्याव्यात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो व पूर्वेकडे जाताना तो आखडतो. तेव्हा कोणत्या गावचा सूर्यास्त धरावयाचा हे निघण्यापूर्वीच ठरवलेले बरे. जैन भोजनाची मागणी बहुतेक कंपन्यांकडे निदान चोवीस तास आधी नोंदवावी लागते.

व्यवहारात उपयोग

तिकिटावरील काळ हा केवळ उडण्याचा काळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामी जागेवर उभे राहीपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येणे, उतरल्यावर जागेवर येणे, यांत अर्धा तास सहज जातो. शिवाय कंपन्या थोडी सवड राखूनच वेळापत्रक करतात. त्यामुळे अनुकूल वारा असला की विमान वेळेच्या आधी पोहोचते.

यावरून कोणत्याही दोन दूरच्या विमानतळांसाठी घरबसल्या अंदाज करण्याची रीत अशी : पृथ्वीगोलावर दोऱ्याने अंतर काढावे. त्याला ताशी ९०० किलोमीटरांनी भागावे. जमिनीवरील हालचालीसाठी अर्धा तास मिळवावा. पूर्वेकडे जावयाचे असल्यास तास-दीड तास कमी, पश्चिमेकडे जावयाचे असल्यास तेवढाच अधिक धरावा. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढतो. अखेरीस, वाटेतील आकाश सध्या खुले आहे किंवा कसे, याची चौकशी करावी. एवढे केले म्हणजे अंदाज फारसा चुकत नाही.

तिकीट घेताना एका शब्दाकडे मात्र अवश्य पाहावे. 'डायरेक्ट' म्हणजे विनाथांबा, असा सर्वत्र समज आहे. तो बरोबर नाही. डायरेक्ट विमानाचा क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो, पण ते वाटेत उतरू शकते. कोठेही न उतरणारे ते 'नॉन-स्टॉप'. आणि विमान बदलावयाचे असेल तर दोन विमानांमध्ये पुरेसा अवधी राखावा. अमेरिकेत प्रथम ज्या विमानतळावर उतरू तेथेच प्रवेशाची तपासणी व जकातीची तपासणी होते. त्यात किती वेळ जाईल याचा भरवसा देता येत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी घेतलेले अपुऱ्या अवधीचे तिकीट शेवटी महाग पडते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय बहुधा कंपनी लावून देते; दोन निरनिराळी तिकिटे असतील तर तो भार उतारूवरच येतो. एकट्याने जाणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही काळजी दुपटीने घ्यावी. तिकीट काढतानाच चाकांच्या खुर्चीची व मदतनिसाची नोंद करता येते. तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो व जिनिव्हा येथे थांबत ते १० जून रोजी पोहोचले, आणि सर्व देशाला त्याचा अभिमान वाटला. आज त्याच्या जवळपास दुप्पट अंतर माणूस एका दमात, एक दिवसही न मोडता, ओलांडू शकतो. तरीसुद्धा डोंगर, वारा, थंडी आणि देशोदेशींच्या सीमा यांचा हिशेब प्रत्येक उड्डाणापूर्वी नव्याने मांडावाच लागतो. तो मांडण्याचे काम वैमानिकाचे व कंपनीचे आहे. पण आपले माणूस कोणत्या वारी, किती वाजता, किती तासांनी आपल्या दारी येणार, हे बिनचूक काढण्याचे काम आपले आहे. आपल्या सभासद बंधुभगिनींना पुढील प्रवासाच्या वेळी या माहितीचा उपयोग झाला तर हा लेख सार्थकी लागला असे वाटेल.